प्रेस क्रमांक नऊची खंडेनवमी

संपादकांनी माझ्याकडे आठवणी मागितल्या आहेत. मी त्यांना उलटटपाली कळवले की आठवण हा पुरावा नव्हे. कारखान्यांतील अपघातांच्या चौकशांत मी साक्षीदारांना आयुष्यभर एकच प्रश्न विचारला: कागद कुठे आहे? तेव्हा पुढील मजकूर माझ्या पिंपळे गुरवच्या घरातील लोखंडी कपाटात जपलेल्या पत्रांच्या स्थळप्रतींवर आधारलेला आहे, असे वाचकांनी समजावे. जेथे माझ्याजवळ कागद नाही, तेथे मी तसे स्पष्ट सांगेन. असे एकच ठिकाण आहे, आणि दुर्दैवाने तेच सर्वांत महत्त्वाचे आहे.

मी सुरक्षा अधिकारी होतो. या पदनामावरून बहुतेकांची समजूत फाटकावरच्या पहारेकऱ्यांचा प्रमुख अशी होते. आमच्या सोसायटीच्या अध्यक्षांनी मला निवृत्तीनंतर वॉचमनच्या पाळ्या लावून देण्याची विनंती केली होती. तिला मी सकारण लेखी नकार दिला. कारखान्यात काम करणाऱ्या माणसाचे हात, पाय आणि डोळे तो सकाळी जसे घेऊन आला तसेच संध्याकाळी घरी जावेत, एवढ्यासाठी कायद्याने नेमलेला मनुष्य म्हणजे सुरक्षा अधिकारी. त्याचे काम उत्तम झाले तर काहीही घडत नाही, आणि काहीही घडू न देणाऱ्या माणसाला पगार कशाबद्दल द्यायचा, हा प्रश्न व्यवस्थापनास दर तिमाहीला पडतो. शिवाय त्याला सल्ला देता येतो; यंत्र बंद करता येत नाही. या व्यवस्थेवर मी आजही संतापतो आणि संबंधित खात्यास वर्षातून दोनदा तसे कळवतो. उत्तर येत नाही.

अशा माणसाजवळ एकच हत्यार उरते, ते म्हणजे पत्र. त्यातही पत्राचा खरा मार त्याच्या मजकुरात नसून तळाशी डावीकडे असतो. ‘प्रत माहितीसाठी’ या दोन शब्दांखाली कोणाचे नाव आहे हे पाहूनच वरचा मजकूर वाचला जातो.

पिंपरीतील एका मोठ्या कंपनीत उमेदवारीपासून वरिष्ठतेपर्यंत सर्व पाहून झाल्यावर, नोकरीच्या शेवटच्या टप्प्यात मी चाकणला एका लहान कारखान्यात गेलो. मोटारींचे पत्र्याचे भाग तेथे बनत. पॉवर प्रेस ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. दोन पुरुष उंचीच्या लोखंडी चौकटीत एक जड ठोकळा वर-खाली होतो. खाली साचा असतो, ज्याला कारखान्यात डाय म्हणतात. कामगार डायमध्ये पत्रा ठेवतो, पायाने पेडल दाबतो, ठोकळा एकदा खाली येतो, पत्र्याला आकार मिळतो आणि ठोकळा वर जाऊन थांबतो. मग कामगार हात आत घालून तयार भाग काढतो. या वाक्यातील ‘वर जाऊन थांबतो’ यावर सर्व काही अवलंबून आहे. बाजूचे भले मोठे चाक तर दिवसभर फिरतच असते. पेडल दाबले की क्लचमधली एक पोलादी पिन त्या चाकाला ठोकळ्याशी जोडते, आणि एक फेरी झाली की सोडवते. ती पिन सुटली नाही, तर ठोकळा कोणी न बोलावता दुसऱ्यांदा खाली येतो. तेव्हा हात आत असतात.

तेथील पहिल्या खंडेनवमीला सकाळी मी प्रेस शॉपमध्ये शिरलो आणि दारातच थांबलो. एरवी कान बधिर करणाऱ्या त्या शेडमध्ये चिमणीची चिवचिव ऐकू येत होती. सगळी यंत्रे बंद होती आणि माणसे त्यांच्या अंगाखांद्यावर चढलेली होती. रॉकेलचा बोळा, तारेचा ब्रश, जुनी साडी. वर्षभराचे काळे वंगण खरवडून निघत होते आणि खालून कंपनीचा मूळ हिरवा रंग उजाडत होता. प्रेस क्रमांक नऊवर काम करणाऱ्या रेखाताई, बीडकडच्या, चिखलीत भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या, जुन्या दातांच्या ब्रशने यंत्रावरच्या पितळी पट्टीतील अक्षरे एकेक करून साफ करीत होत्या. ती पट्टी वाचण्याची गरज कोणालाही कधी पडत नसे. मी तपासणीसाठी माणसे लावून, चहाची लालूच दाखवून कधी एवढी स्वच्छता करून घेऊ शकलो नव्हतो, हे मला तेथेच कबूल करावे लागले.

मग दुपारी पूजा सुरू झाली आणि माझे रक्त तापले. थिनरच्या डब्यापासून हातभर अंतरावर समई. डायच्या तोंडावर फोडलेला नारळ, त्याचे पाणी विजेच्या खोक्यावर. कोहळा कापलेला, त्याच्या फोडी जाण्या-येण्याच्या पिवळ्या पट्ट्यावर. रेखाताईंनी दोन्ही हात ओल्या कुंकवात बुडवून यंत्राच्या अंगावर पंजे उमटवले होते, नेमके जेथे मी ‘धोका’ हा शब्द रंगवून घेतला होता तेथे.

“रेखाताई, खालचा शब्द दिसेनासा झाला,” मी म्हणालो.

“असू द्या की साहेब. आमच्याकडं दाराला, नांगराला हाताचे ठसे देतेत. ज्याचं काम त्याचा पंजा.”

खरा कळस दुसऱ्या दिवशी, दसऱ्याच्या सकाळी झाला. रिवाज असा की नवमीला पुजलेल्या हत्याराला दसऱ्यापर्यंत हात लावायचा नाही. दसऱ्याला मुहूर्ताचा एकच ठोका मारायचा आणि घरी जायचे. माळ मात्र संध्याकाळच्या सीमोल्लंघनापूर्वी उतरवायची नाही. नवीन प्रेस क्रमांक दोनला पुढच्या बाजूस अदृश्य किरणांचा पडदा होता. त्यात बोट जरी गेले तरी यंत्र थांबते. झेंडूची माळ नेमकी त्या किरणांत लोंबत होती, त्यामुळे यंत्र चालेना. माळ काढणे अधर्म. तेव्हा कोणीतरी शांतपणे किरणांचा पडदाच निकामी करणारी कळ फिरवली आणि मुहूर्ताचा ठोका मारला. टाळ्या वाजल्या. पेढा माझ्यापर्यंत आला तो मी तसाच पुढे दिला.

त्याच संध्याकाळी मी सूचना काढली. यंत्रावर माळा, कुंकू, हळद, नारळ, दिवा यांस सक्त मनाई. पूजा करायचीच तर फाटकापाशी, एका प्रातिनिधिक हत्याराची. कारखाने अधिनियमाच्या एकविसाव्या कलमाचा, म्हणजे यंत्रांना संरक्षक आवरण असण्याच्या तरतुदीचा आधार दिला. भाषा निर्दोष होती. मी ती आजही वाचतो. स्वल्पविरामसुद्धा हलवण्यासारखा नाही.

पुढील वर्षी घटस्थापनेच्या पंधरा दिवस आधी फलकावर एक परिपत्रक झळकले. सही कारखानाप्रमुखांची. ‘सुरक्षा विभागाच्या गतवर्षीच्या सूचनेस अनुसरून’ पूजा फाटकापाशी प्रतीकात्मक होईल. सबब यंत्रे थांबवण्याचे कारण उरत नाही. सबब खंडेनवमी व दसरा या दोन्ही दिवशी तिन्ही शिफ्ट चालतील. दोन ‘सबब’ आणि दोन्ही माझ्या खांद्यावर. माझ्या पत्राने माझ्याच नाकासमोर दुसऱ्याची चाकरी पत्करली होती.

त्याच दुपारी दगडूनाना माझ्या केबिनमध्ये आले. नाना प्रेसवर डाय बसवणारे सेटर. चऱ्होलीचे जुने रहिवासी. त्यांच्या शेताच्या जागी आता बारा मजली इमारत आहे आणि तिच्या तिसऱ्या मजल्यावर ते स्वतः राहतात. पान खाऊन रागावणारे पुष्कळ असतात. नाना पान न खाता शांत राहत, ते अधिक अवघड.

“साहेब, नोटीस वाचली तुमची. गेल्या सालची आन् ह्या सालची, दोन्ही.”

“या वर्षीची माझी नाही.”

“बाप तुमीच की हो तिचा,” नाना म्हणाले आणि बसले. “माळ नगं, बरं. नारळ नगं, ते बी बरं. मशीन बंद का न्हाई ठेवायचं? पुसायचं कवा मग?”

“देखभालीचे वेळापत्रक आहे, नाना. दर महिन्याला सह्या होतात.”

“सह्या व्हत्यात. पुसणं व्हत न्हाई.”

नानांनी मला त्यांच्या घरची खंडेनवमी सांगितली. त्या दिवशी नांगर, विळा, खुरपे, कुऱ्हाड सगळे पाटावर मांडले जाई, आणि स्वयंपाकघरातली विळीसुद्धा. त्यामुळे घरात त्या दिवशी भाजी चिरली जात नसे, पिठले-भाकरी ठरलेली. वर्षातून एक दिवस घरातले कोणतेही पाते चालत नसे.

“देवी नऊ दिस लढली म्हनत्यात,” नाना म्हणाले. “हत्याराला दम नगं? आन् पांडवांचं तर ठावं हाय तुमाला. अज्ञातवासाला निघताना शमीच्या झाडावर हत्यारं बांधली. का बांधली?”

“ओळख पटू नये म्हणून.”

“त्ये हायच. पर दुसरं बी हाय. भीमाच्या हाताशी गदा आसती तर वरीसभर दम निघाला आसता का त्याला? हाताशी हाय तवर मानूस वापरतोच. म्हनून वर ठिवायची. आन् कुनी हात लावू नये म्हनून काय केलं? झाडाला मढं टांगलं. वास सुटला, कुनी फिरकलं न्हाई.” त्यांनी माझ्यामागच्या भिंतीकडे बोट केले. तेथे विजेच्या खोक्यावर लावायची पाटी होती, कवटी आणि दोन हाडे असलेली. “तुमी नुसती कवटी लावता, साहेब. पांडवांनी आख्खं मढं लावलं व्हतं.”

ही कथा मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. तीत सुरक्षा खात्याचा इतका काटेकोर नमुना आहे हे मला कोणत्याही प्रशिक्षणात कोणी सांगितले नव्हते. धोकादायक वस्तू चालू स्थितीतून बाहेर काढणे, आवाक्याबाहेर ठेवणे, बांधून टाकणे, इशारा लावणे आणि ठरलेली मुदत संपेपर्यंत कोणीही, मालकानेसुद्धा, तिला हात न लावणे. आम्ही हेच परदेशी पुस्तकांतून शिकून आमच्या लोकांना शिकवत होतो, आणि आमचे लोक ते करीत असताना त्यांना मनाई करीत होतो.

नाना उठले आणि दारात दुसरा माणूस उभा दिसला. मेन्टेनन्सचे फिटर साळवे. कमी बोलणारे, बौद्ध कुटुंबातले. वडीलही कारखान्यातच होते. गेल्या वर्षी पूजा चालू असताना ते हात धुऊन बाजूला उभे राहिले होते, हे मी पाहिले होते.

“साहेब, मी पूजा करत नाही,” ते म्हणाले. “पण तो दिवस मला पाहिजे.”

“का?”

“नऊ नंबर उघडायचा आहे. क्लचचा आवाज बरोबर नाही. चार महिने बंद मागतोय, मिळत नाही. दर वेळी म्हणतात, गाडी उभी आहे, माल द्या. नवमीला सगळंच बंद असतं, तेव्हा कोणाला विचारावं लागत नाही. मी तिच्यावरच थांबलो होतो. रेखाताईंना विचारा. मशीन डबल मारतं म्हणतात.”

डबल मारते, म्हणजे दुसरा ठोका. मी तक्रारींची नोंदवही काढली. नोंद होती. ‘प्रेस क्र. ९ दोनदा ठोका मारतो अशी ऑपरेटरची तोंडी तक्रार. ऑपरेटरने पेडल दोनदा दाबले असावे. समज दिली.’ खाली सही. सही माझी.

‘असावे’ हा शब्द मी माझ्या चौकशीत कोणत्याही साक्षीदाराला वापरू दिला नाही. शिपायालाही नाही, व्यवस्थापकालाही नाही. आणि येथे तो माझ्या स्वतःच्या वळणदार अक्षरात बसला होता. नऊ नंबरला कायद्याप्रमाणे जाळी होती. जाळी खाली आल्याशिवाय पेडल दबत नसे, म्हणून मी तो सुरक्षित ठरवला होता. परंतु दुसरा ठोका पेडलला विचारून येत नाही. तो येतो तेव्हा जाळी वर गेलेली असते आणि बाईचे हात डायमध्ये असतात.

मी प्रेस शॉपमध्ये गेलो. रेखाताई काम करीत होत्या. पत्रा, पेडल, ठोका, हात. पत्रा, पेडल, ठोका, हात. मी शेजारी उभा राहिलो तशी त्यांनी काम थांबवले.

“तुम्ही डबल ठोक्याची तक्रार केली होती.”

“दोन बार केली साहेब. एकदा तुमच्या माणसाला, एकदा तुम्हाला. तुम्ही म्हणलात पाय नीट ठेवा.” त्यांनी पायातला बूट दाखवला. “ठेवतेय नीट. पण मी आता ठोका झाला की एक दोन मोजते आन् मग हात घालते. त्याच्यानं माल कमी निघतो. सुपरवायझर वरडतो.”

पिन कोणत्या क्षणी दगा देईल हे सांगता येत नाही. आणि माझ्या कायद्याच्या सर्व कलमांनी मिळून त्या बाईला दिलेले संरक्षण एवढेच होते: तिने स्वतः शोधून काढलेले, मनातल्या मनातले एक-दोन.

कारखानाप्रमुखांशी माझे बोलणे पाच मिनिटे चालले. ते वाईट गृहस्थ नव्हते. त्यांच्या टेबलावर दोन फोन होते आणि दोन्ही वाजत होते.

“तुमचीच नोटीस ना ही?”

“होय.”

“मग? पूजा धोक्याची म्हणालात, पूजा बंद केली. आता म्हणता मशीन बंद ठेवा. सेफ्टीचं ऐकलं नाही तरी पत्र, ऐकलं तरी पत्र.”

“नऊ नंबरला निदान एक दिवस द्या.”

“दिवाळीनंतर घ्या ना, राव. सीझन आहे.”

मी केबिनमध्ये येऊन दार लावले आणि पत्र लिहायला घेतले. पहिले वाक्य असे आहे: ‘गतवर्षीची माझी सूचना अपुऱ्या निरीक्षणावर आधारलेली होती, ती मी याद्वारे मागे घेत आहे.’ हे एक वाक्य लिहायला मला पूर्ण दुपार लागली. उरलेले पत्र अर्ध्या तासात झाले. पूजा यंत्रापाशीच व्हावी. मात्र त्यापूर्वी यंत्राचा मुख्य स्विच बंद करून त्यावर ते यंत्र चालवणाऱ्या व्यक्तीने स्वतःच्या नावाचे कुलूप लावावे, किल्ली स्वतःजवळ ठेवावी आणि यंत्र ठीक असल्याची स्वतःची खात्री झाल्यावरच दसऱ्याला उघडावे. दुसऱ्या कोणासही, पद कितीही मोठे असो, तो अधिकार नसावा. समया नकोत, विजेची माळ चालेल. नारळ शेडबाहेर फोडावा. कुंकवास हरकत नाही. पुष्टीदाखल मी शमीवृक्षाचा दाखला जोडला आणि नऊ नंबरची तक्रार, माझ्या चुकीच्या शेऱ्यासह, सोबत लावली. तळाशी डावीकडे लिहिले: प्रत माहितीसाठी, कारखाने निरीक्षक. ती प्रत मी स्वतः निरीक्षकांच्या कार्यालयात नेऊन दिली आणि पोच घेऊनच परतलो.

“सरकारी पत्रात पांडव?” कारखानाप्रमुखांनी विचारले.

“उदाहरणादाखल,” मी म्हणालो.

पोचेचा शिक्का त्यांनी दोनदा पाहिला. नवमीला यंत्रे बंद राहतील, परंतु दसऱ्याला सकाळी सातपासून ओव्हरटाइमवर सर्व यंत्रे चालली पाहिजेत, असा तोडगा निघाला.

येथून पुढे, नवमीच्या सकाळपासून दसऱ्याच्या सकाळपर्यंत, माझ्याजवळ कागद नाही. त्याचे कारण दगडूनाना.

नवमीला प्रत्येक स्विचवर लाल कुलूप आणि कुलपावर नावाची चिठ्ठी लागली. पाटावर नानांनी नट आवळायचे पाने, पक्कड, मोजमापाची साधने, साळवेंची हातोडी अशी हत्यारे मांडली. हातोडी साळवेंनी स्वतः घासून आणून दिली होती. पूजेला नव्हे, नानांना. मग नाना माझ्याकडे वळले.

“साहेब, तुमचं कुठाय?”

“माझे काय?”

“हत्यार. सगळ्यांनी ठिवलं. तुमी बी ठिवा.”

लोक हसले. मी खिशातले पेन काढले. नाना म्हणाले, “दुसरं बी आसंल.” होते. तेही काढले. माझा पोच देण्याचा रबरी शिक्का केबिनमधून मागवण्यात आला. तिन्हींना हळद-कुंकू लागले, झेंडूचे फूल वाहिले गेले. उद्यापर्यंत हात लावायचा नाही.

दुपारी साळवेंनी मला बोलावले. नऊ नंबरचा क्लच उघडून त्यांनी पिन बाहेर काढली होती आणि स्वच्छ पुसून जुन्या साडीच्या तुकड्यावर ठेवली होती. मला काही दिसले नाही. पंचनामा करावा म्हणून माझा हात सवयीने खिशाकडे गेला.

“आज न्हाई,” नाना म्हणाले.

“नाना, हे लिहून ठेवणे आवश्यक आहे.”

“उद्या लिवा. आज बघा.”

साळवेंनी माझे बोट धरले. खरेच धरले, लहान मुलाचे धरतात तसे, आणि पिनेच्या कडेवरून फिरवले. एका जागी नख अडकले. केसाएवढी चीर, परंतु ती अर्ध्याहून अधिक घेर फिरून गेलेली होती. मी पुन्हा फिरवले. पुन्हा अडकले. इतक्या वर्षांच्या नोकरीत मी असंख्य यंत्रांवर लिहिले होते; एखाद्या यंत्राच्या आत हात घालून त्याला काय झाले आहे हे पाहण्याची माझी ती पहिली वेळ. हे लिहिताना मला अभिमान वाटत नाही.

रेखाताईंनीही बोट फिरवले. किल्ली पदराच्या गाठीत बांधली.

नवीन पिन तयार नव्हती. साळवेंच्या ओळखीचे एक वर्कशॉप चिखलीत होते. परंतु तेथला लेथ, म्हणजे कातकामाचे यंत्रही त्या दिवशी पुजलेले, बंद. दसऱ्याला मुहूर्त झाल्यावर पहिले काम तुमचेच, असा निरोप आला.

दसऱ्याला सकाळी सात वाजता मी पेन उचलले आणि पहिल्यांदा नऊ नंबरचा अहवाल लिहिला. सव्वासातला कारखानाप्रमुख शेडमध्ये आले. बाकी सर्व यंत्रे सुरू होती.

“हे का बंद?”

सुटीवरच्या साळवेंच्या जागी आलेल्या माणसाने जुनीच पिन वंगण लावून बसवता येईल, आठवडाभर निघेल, असे सुचवले. कारखानाप्रमुखांनी माझ्याकडे पाहिले. मी पत्राची प्रत पुढे केली. त्यांनी ती न घेता रेखाताईंना सांगितले, “ताई, कुलूप उघडा. आठवडाभर पिन निघेल म्हणतोय हा.”

रेखाताई उठून उभ्या राहिल्या. नोकरी कंत्राटी, पुढच्या महिन्यात मुदत संपणार होती, हे त्यांना माहीत होते आणि कारखानाप्रमुखांनाही.

“नाव माझं आहे सर त्याच्यावर.”

“म्हणून तर तुम्हाला सांगतोय.”

“माझी खातरी झाली की उघडीन. साहेबांच्या कागदात तसंच लिहिलंय. मी वाचलं.”

माझ्या पत्रांचे मी पुष्कळ अर्थ लावलेले पाहिले आहेत. व्यवस्थापनाने, वकिलांनी, खात्यांनी. कोणी ते स्वतःच्या दोन हातांसाठी, पाठ ताठ ठेवून, इतक्या सरळ वापरल्याचे मी तोवर पाहिले नव्हते. कारखानाप्रमुखांनी फोन कानाला लावला आणि ते बाहेर गेले. नाना शेजारच्या यंत्रावर डाय घट्ट करीत होते. त्यांनी वर पाहिलेही नाही, पण पाना जरा जोरात वाजवला.

साळवे दुपारी आले. त्या दिवशी त्यांची सुटी होती. धम्मचक्र प्रवर्तन दिन. सकाळी विहारात वंदना करून, तेथून चिखलीला जाऊन, लेथपाशी उभे राहून पिन करून घेऊन ते थेट चाकणला आले होते. अंगात पांढरा सदरा, पांढरा पायजमा.

“जय भीम, साहेब. झाली.”

“जय भीम. कपडे बदला, साळवे. काळे होतील.”

“धुतले की निघतील,” म्हणून ते तसेच क्लचमध्ये शिरले. तासाभराने बाहेर आले तेव्हा सदऱ्याच्या बाहीवर कोपरापर्यंत वंगण होते. रेखाताईंनी पदराची गाठ सोडली, कुलूप उघडले आणि डायमध्ये काहीही न ठेवता पेडल दाबले. एक ठोका. ठोकळा वर जाऊन थांबला. त्यांनी मनात मोजलेले ओठांवर दिसत होते. पुन्हा एक. पुन्हा. कितीतरी वेळ त्या रिकामे ठोके मारीत राहिल्या आणि कोणीही त्यांना पुरे म्हटले नाही. शेवटी त्या पुसट हसल्या, कुंकवाचे ताट जवळ ओढले आणि दोन्ही पंजे यंत्रावर उमटवले. या खेपेस ‘धोका’ हा शब्द वाचता येईल अशा बेताने, थोडे बाजूला. माझ्या वाट्याला आपट्याचे पान आले. आपट्याच्या नावाखाली भलत्याच झाडाच्या फांद्या ओरबाडून विकण्यावर माझी तीन पत्रे महापालिकेकडे प्रलंबित आहेत. त्या दिवशी मी पान उलटून तपासले नाही.

दुसऱ्या दिवशी मी रेखाताईंना लेखी दिलगिरीचे पत्र दिले. माझ्या हयातीतले ते एकच पत्र, ज्याच्या तळाशी कोणालाही प्रत नाही. त्यांनी ते उभ्या उभ्या वाचले.

“ठीकाय साहेब. पण त्या वहीतलं ‘समज दिली’ खोडा की आधी.”

मी खोडले आणि खोडल्याची सही केली.

त्यांचे कंत्राट पुढे वाढले. कसे वाढले त्याचा पत्रव्यवहार माझ्याकडे आहे, तो येथे देत नाही. आज त्या सेटर आहेत; नऊ नंबरवर पंजे मात्र अजून त्याच उमटवतात. नाना आपल्या जागी त्यांनाच तयार करून निवृत्त झाले. मी निवृत्त होऊनही काही वर्षे झाली. आवारात येण्यास मला आता अधिकार नाही, म्हणून दरवर्षी घटस्थापनेला मी कारखान्याकडे लेखी अर्ज करतो आणि, आश्चर्य असे की, याच एका पत्राला न चुकता उत्तर येते. खंडेनवमीला फाटकावर पास मिळतो. त्यावर भेटीचे प्रयोजन लिहावे लागते. मी ‘मोजणी’ असे लिहितो. फाटकावरचा माणूस आता विचारत नाही.

शेड शांत असते. स्विचवर लाल कुलपे, यंत्रांवर झेंडू, किरणांच्या पडद्यापासून वीतभर दूर बांधलेला. मी थेट नऊ नंबरपाशी जातो. पेन खिशात नसते, ते मी फाटकाशीच नानांकडे देऊन आलेला असतो. निवृत्त होऊनही ते त्या दिवशी पाट मांडायला येतात. कुंकू अजून ओले असते. चष्मा पुसून, डावीकडून सुरुवात करून, मी बोटांचे ठसे मोजतो. घाई करीत नाही. शेवटी रेखाताई मागून विचारतात, “भरली का साहेब?”

दहा. मी पुन्हा एकदा मोजतो.